हमीद सोलकरांचा होकार

हमीद सोलकर माझ्या आयुष्यात आले ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. 'रेफ्री ब्लाइंड. गोलकीपर गुड बॉय. अप फारो.' दर रविवारी सकाळी सामना संपला, की आमच्या पेजवर ही अशी तार येऊन पडायची, आणि दुबईतल्या आमच्या ऑफिसात पोरं ती मोठ्यानं वाचून हसायची. मीही हसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढेही मला स्वतःबद्दल फार बरं काही सांगता येणार नाही.

मी अस्मिता केळकर. मूळची पुण्याची, चौदा वर्षं दुबईत, राहायला डिस्कव्हरी गार्डन्सला. आमची एजन्सी कंपन्यांची फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवरची पानं चालवते. आई पुण्यात शेजारणींना सांगते, "आमची अस्मिता दुबईत बसून जपानचा फुटबॉल सांभाळते." आई अगदीच चूक नव्हती. जपानमध्ये मिनाहामा नावाचं एक छोटं बंदर आहे. तिथला क्लब मिनाहामा फारो. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथेही बहुतेक वेळा तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात, जर्सी वांग्याच्या रंगाची. क्लबचा मुख्य स्पॉन्सर पंप बनवणारी कंपनी, आणि तिला आखातात पंप विकायचे होते. म्हणून आखातात फारोचे चाहते हवे होते. याला इंटरनॅशनल ग्रोथ स्ट्रॅटेजी म्हणतात. तिच्यावर मी चाळीस पानांचं प्रेझेंटेशन केलं होतं.

सुरुवातीला नऊशे फॉलोअर होते. त्यातले निम्मे खोटे, उरलेले खेळाडूंना 'हाय डियर' लिहिणारे. क्लबकडून मोरिता-सान, म्हणजे आपल्या भाषेत मोरितासाहेब, असे एक गृहस्थ आमच्याशी बोलायचे. अतिशय सज्जन, अतिशय व्यवस्थित. प्रत्येक पोस्टला तिकडून तीन जणांची मंजुरी लागायची. आमचा गोल झाला, की त्याची पोस्ट मंजूर होऊन येईपर्यंत समोरच्यांनी बरोबरी केलेली असायची. हरल्यावर खेळाडू स्टँडसमोर ओळीनं उभे राहून कमरेत वाकत, त्याचा फोटो मात्र लगेच मंजूर व्हायचा. असं एक वर्ष गेलं, आणि आमच्या पेजवर खराखुरा म्हणावा असा माणूस एकच होता. तारवाले हमीद सोलकर.

मग एकदा मी क्लबच्या जुन्या मैदानाचा फोटो टाकला. पूर्वी तिथल्या गोदीची कामगारांची टीम होती, त्याच टीमचा पुढे क्लब झाला. फोटोत पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, मागे क्रेन. त्याखाली सोलकरांची कॅपिटलमधली तार आली, पण या वेळी लांबलचक. सार असं: या बाकावर मी बसलोय, १९९५ साली, सात रविवार, डावीकडून तिसरा, शेजारी ओकुबो-सान.

मी नंबर मिळवून फोन लावला. सवयीनं हिंदीत सुरुवात केली. त्यांनी माझं नाव विचारलं, आणि मग मराठीत म्हणाले, "केळकर? म्हणजे आमच्या रत्नागिरीकडच्याच की तुमी."

"नाही हो, पुण्याची."

"पुण्यात काय नंतर गेला असाल. केळकर सगळे आमच्याकडचेच."

तेव्हापासून मी त्यांची 'बाय' झाले, आणि ते माझे हमीदभाई.

हमीदभाई साखरतरचे. रत्नागिरीच्या खाडीकाठचं गाव, घराघरातला एकतरी माणूस बोटीवर. तेही बाविसाव्या वर्षी मालवाहू बोटीवर लागले, इंजिनरूममध्ये, ऑइलमन म्हणून. पंचाण्णव साली भर समुद्रात त्यांच्या बोटीचं इंजिन बसलं आणि बोट ओढत मिनाहामाच्या गोदीत नेली. बावन्न दिवस तिथे पडून होती. गोदीत ओकुबो नावाचा एक फिटर होता, हमीदभाईंपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. पण पहिल्याच रविवारी ओकुबोनं त्यांना सायकलवर मागे बसवून मॅचला नेलं आणि स्वतःचा डबा पुढे केला. यांनी मानेनंच नको म्हटलं, कारण आत काय मांस आहे कोण जाणे. ओकुबोनं काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्यानं उकडलेली अंडी आणि रताळी आणली, आणि शेवटपर्यंत तेच आणत राहिला.

"बोट सुटली त्या दिवशी तो धक्क्यावर आला होता, बाय," हमीदभाईंनी मला सांगितलं. "दोन तास उभा होता म्हणे. आणि मी खाली. इंजिन नवीन चालू केलेलं, चीफ इंजिनियर वर सोडीना. मी वर आलो तेव्हा पाणीच पाणी. त्याला काय वाटलं असेल? सात रविवार फिरवला पोराला, आणि जाताना तोंडसुद्धा दाखवलं नाही. एकदा जाऊन त्याला सांगायचंय, मी मुद्दाम नाही केलं."

एवढंच त्यांना हवं होतं. एकोणतीस वर्षं हवं होतं. मधल्या काळात मैमुनाबींशी लग्न झालं. पाण्यावरचा नवरा नको, अशी मैमुनाबींची अट होती. म्हणून बोट सोडून ते अबुधाबीजवळच्या मुसाफाला आले आणि बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात स्टोअरकीपर झाले. त्याच दुकानात सत्तावीस वर्षं. मुलगा राहिल इथेच शिकला, अल रीम आयलंडवर एका बँकेत लागला. कोविडच्या बंदीत राहिलनं बापाला चांगला फोन घेऊन दिला, आणि हमीदभाईंनी त्यात पहिलं काय शोधलं असेल तर मिनाहामा. गाव सापडलं, क्लब सापडला, ओकुबो कुठे सापडणार? पण रविवारी जपानात दुपारी दोनला सामना, म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊ. सुट्टीचा दिवस. मुसाफाशेजारच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत चहा, फोन आणि फारो असा कार्यक्रम सुरू झाला. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला, की हे फोन डोळ्यांशी नेत.

मी माणूस बरोबर हेरला. जाऊन त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले. हमीदभाई जपानी खेळाडूंची नावं वाचतायत. हमीदभाई पेनल्टीच्या वेळी डोळे मिटून बसलेत आणि मैमुनाबी त्यांना स्कोअर सांगतायत. एका व्हिडिओला दोन लाख व्ह्यूज आले. आखातातले मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो लोक त्यांना 'अंकल फारो' म्हणायला लागले. नऊशेचे एकसष्ट हजार झाले. हमीदभाईंना क्लबकडून एक वांगी रंगाचा मफलर मिळाला, आणि मला बढती.

आता त्या स्लाइडबद्दल.

जपानी माणसाला 'नाही' म्हणणं जड जातं. तो 'केन्तो शिमासु' म्हणतो, म्हणजे 'विचार करून बघतो', आणि ते ऐकलं की विषय संपला असं समजायचं. हे शिकायला मला सहा महिने लागले. उलट मोरिता-सानना आपली माणसं कळत नव्हती. म्हणून एका मीटिंगला मी स्लाइड केली. डाव्या बाजूला 'केन्तो शिमासु', उजव्या बाजूला 'इन्शाल्ला', मध्ये बरोबरचं चिन्ह. "दुबईत प्लंबर 'उद्या येतो' म्हणाला तर येतो," मी म्हटलं, "आणि 'उद्या इन्शाल्ला' म्हणाला तर दुसरा प्लंबर शोधायचा." मोरिता-सान हसले. पडद्यावरचे बाकीचे पाचही जपानी हसले. माझ्या बॉसनं ती स्लाइड नंतर तीन क्लायंटना दाखवली. मग आमच्या याद्यांमध्ये 'हो' आणि 'नाही' या रकान्यांशेजारी तिसरा रकाना आला, 'सॉफ्ट नो'. तो माझा शोध. चौदा वर्षं या देशात काढून मी केलेला एवढाच.

गेल्या वर्षी सप्टेंबरात क्लबनं ठरवलं, की परदेशातल्या सहा चाहत्यांना ऑक्टोबरमध्ये मिनाहामाला न्यायचं. नऊ दिवस, सगळा खर्च क्लबचा, शेवटी घरच्या मैदानावर सामना. आखातातून एकच नाव होतं, आणि ते कुणाचं हे सांगायला नको. मोरिता-सान तर एक पाऊल पुढे गेले. त्यांनी ओकुबोंना शोधून काढलं. त्र्याहत्तर वर्षांचे, अजून सायकल चालवत प्रत्येक सामन्याला येणारे. हमीदभाईंचा फोटो दाखवल्यावर त्यांनी लगेच ओळखलं, आणि म्हणे फोटो धरून नुसते उभे राहिले. ठरलं असं, की सामन्याच्या दिवशी ओकुबो तीन नंबरच्या गेटपाशी थांबतील, हमीदभाईंना आधी काही सांगायचं नाही, आणि कॅमेरा चालू ठेवायचा. "व्हेरी गुड कंटेंट," मोरिता-सान म्हणाले. मीही तेच म्हणाले.

सहाही जणांचा होकार शुक्रवारी जपानच्या पाच वाजेपर्यंत हवा होता, विमानाची तिकिटं काढायची म्हणून, आणि तो गोळा करायचं काम आमच्या एजन्सीकडे होतं. आपले दुपारचे बारा. बाकीच्या देशांतल्या लोकांना मी सोमवारीच फोन केले. जकार्ताच्या मुलीला, बँकॉकच्या मास्तरांना, सगळ्यांना नीट, वेळ देऊन. हमीदभाईंना नाही केला. ते तर घरचेच, त्यांना केव्हाही करता येईल. मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी सव्वाअकराला मला आठवण झाली. एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगकडे जाता जाता, लिफ्टच्या दारात उभी राहून मी फोन लावला.

"हमीदभाई, गुड न्यूज. क्लबनं तुम्हाला जपानला बोलावलंय. पाच ऑक्टोबरपासून नऊ दिवस. टिकेट, हॉटेल सब उनका. आर यू अव्हेलेबल? कन्फर्म करू?"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं लाइन गेली.

"हॅलो? हमीदभाई?"

"इन्शाल्ला, बाय," ते म्हणाले. आवाज बारीक.

"लीव्ह मिळेल ना? ऑफिसचं काही...?"

"रजेचं शेठला सांगतो. इन्शाल्ला. इन्शाल्ला."

लिफ्ट आली. मी "ओके, ओके, बोलू नंतर" म्हणून फोन ठेवला. एवढा मोठा विराम, मग रजेचं सांगतो, वर तीनदा इन्शाल्ला. मला सगळं समजलं. बिचारा सत्तावन्न वर्षांचा माणूस, शेठला घाबरतो, नको म्हणायला लाजतो. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मी लॅपटॉपवर यादी उघडली आणि त्यांच्या नावापुढे खूण केली. सॉफ्ट नो. बारा वाजायला वीस मिनिटं होती. प्रतीक्षायादीतल्या मुलीला, इंडोनेशियातल्याच आणखी एकीला, मेल गेलं. तिनं तीन मिनिटांत 'येस' लिहिलं, पुढे अकरा उद्गारचिन्हं.

'येणार ना, हमीदभाई?' एवढं विचारलं असतं तर? साध्या मराठीत, पाच सेकंदांत? पण मराठीत विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. आम्ही दोघं मराठी बोलायचो ते चहा पिताना. कामाचं बोलायचं ते आर यू अव्हेलेबल. माझ्या मुलीशीही मी असंच वागते, आणि मग अवनी "मॉम, चिल" म्हणाली की तिला मराठी येत नाही म्हणून मी माझ्या आईपाशी रडते.

त्यांना पुन्हा फोन केला नाही. त्यांनीच नको म्हटलंय, वर पुन्हा काय विषय काढायचा, उगाच त्यांना ओशाळल्यासारखं होईल. असा मोठा समजूतदार विचार केला मी. मोरिता-सानना कळवलं, की आखातातले पाहुणे येऊ शकत नाहीत. त्यांनी उत्तरात खेद व्यक्त केला, आणि दोन दिवसांनी आणखी एक ओळ पाठवली. ती मी वाचली आणि पुढचं मेल उघडलं.

ऑक्टोबरात ट्रिप झाली. व्हिडिओ आले. हमीदभाईंच्या जागी गेलेली ती मुलगी वांगी रंगाच्या जर्सीत नाचत होती. त्याखाली हमीदभाईंची तार पडली: 'व्हेरी गुड गर्ल. कॉन्ग्रॅच्युलेशन. अप फारो.' मला हायसं वाटलं. बघा, माणसाला काही वाईटसुद्धा वाटलेलं नाही.

जानेवारीत क्लबनं हिशोबी निर्णय घेतला, की यापुढे सगळी ताकद थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनामवर लावायची. त्या लोकांना जपानला येणं परवडतं, ते जर्सी विकत घेतात. आखातात पंपही काही फार विकले गेले नव्हते. आमचं पेज फेब्रुवारीअखेर बंद. बॉस म्हणाला, जाता जाता एक इमोशनल फेअरवेल व्हिडिओ करू, अंकल फारोचा. मी लगेच हो म्हटलं. हमीदभाईंचीही नोकरी संपतच होती. मार्चमध्ये व्हिसा कॅन्सल करून दोघं साखरतरला कायमचे परत जाणार होते. चांगलं जुळून येत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले. हमीदभाई जोहरच्या नमाजाला मशिदीत गेले होते. घरात खोकीच खोकी. मैमुनाबींनी माझ्यासाठी घावन आणि नारळाचा रस काढून ठेवला होता, मला आवडतो म्हणून. मी खात होते आणि त्या सामान बांधत होत्या. एका पिशवीतून त्यांनी जाडजूड काळं जाकीट बाहेर काढलं आणि हसल्या.

"हे बघा आमच्या साहेबांचं. दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये. साखरतरला हे काय म्हशीवर घालू?"

"कशाला घेतलं?" मी विचारलं.

"जपानला जायचं होतं ना. थंडी असते म्हणे तिथं." जाकीट घडी घालत त्या सहज बोलत होत्या. "तुमचा फोन आला त्या दिवशी दुकानातून धावत घरी आले. भर दुपारी. माझ्यासमोर बसले आणि रडले, अस्मिताबाय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेठकडून रजा मंजूर करून आणली. राहिलला कामाला लावून व्हिसाची फारमं काढली. मग काही कळवणंच नाही तुमच्याकडून. मी म्हणायची, बायला फोन करा. तर म्हणे, बोलावणाऱ्याला आपण कसं विचारायचं? मग ती पोरगी नाचताना दिसली. म्हणाले, असू दे, तरणी पोर आहे, क्लबला तिचा उपयोग जास्त."

घास तोंडातच राहिला.

"पण भाभी," मी म्हटलं, "ते तर इन्शाल्ला म्हणाले होते."

"मग काय म्हणतील?"

"म्हणजे मला वाटलं... त्यांना जमत नाहीये."

मैमुनाबी हात थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच समजत नव्हतं. "एवढ्या मोठ्या गोष्टीला नुसतं 'येतो' म्हणतात का? अल्लाची मर्जी नसेल तर उंबरा तरी ओलांडता येतो का माणसाला? इन्शाल्ला न म्हणता हो म्हणाले असते, तर मीच त्यांच्यावर ओरडले असते, नजर लावता म्हणून."

मग त्यांना सगळं कळलं. माझ्या तोंडावरूनच कळलं असणार. त्या उठल्या, माझ्या जवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. क्लबनं पोरीला पसंत केलं, असं त्यांना वाटतंय. तेच राहू दे. आता जायचंच आहे आम्हाला, खलास."

मी मान डोलावली. खरंच ठरवलं होतं, सांगायचं नाही.

पण हमीदभाई आले. टोपी काढून खिशात ठेवली, मला बघून असे खूश झाले, "बाय, घावन खाल्लंत का?" म्हणाले, आणि कॅमेऱ्यासमोर बसायला म्हणून तो मफलर गळ्यात घालून आले. तो मफलर बघून मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. लिफ्ट, यादी, सॉफ्ट नो, सगळं. मैमुनाबी आत निघून गेल्या.

हमीदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चक्क हसले.

"बाय, एवढी वर्षं इकडे काढलीत, आणि इन्शाल्ला नाय समजलं तुमाला?"

"माझी चूक झाली, हमीदभाई. फार मोठी चूक झाली."

"असू दे. नशिबात नव्हतं. तुमी कुठं मुद्दाम केलंत? दुकानात मी पण कधी चुकीचा पार्ट दिलाय. रडू नका, यल्ला, चला, व्हिडिओ काढा."

इथे मी थांबायला हवं होतं. माफी मिळाली होती, घेऊन गप्प बसायचं. पण एवढ्या सहज मिळालेल्या माफीनं माझं समाधान होईना. अर्धंच सांगून घेतलेली माफी कसली, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. खरं म्हणजे मला माझं मन पूर्ण हलकं करून घरी जायचं होतं. ते ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवतेय, याचा विचार मी केला नाही.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "ओकुबो-सान सापडले होते. क्लबनं शोधलं त्यांना. ते तुम्हाला भेटायला गेटवर येणार होते. तुम्हाला सरप्राइज म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं."

हमीदभाईंचा हात मफलरवर होता, तो तिथेच राहिला.

"जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. चांगले आहेत. सायकल चालवतात अजून."

"माझी आठवण होती त्याला?"

"फोटोवरून लगेच ओळखलं."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, बातमी चांगलीच आहे, त्यांना बरं वाटत असेल. मग त्यांनी मान वर केली.

"मी आलो नाही, तेव्हा त्याला काय सांगितलं तुमी लोकांनी?"

हा प्रश्न माझ्या मनात पाच महिन्यांत एकदाही आला नव्हता. खोटं बोलायची संधी होती, पण सुचलं नाही.

"सांगितलं... की पाहुण्यांनी 'नाही' असं कळवलंय."

"मी नाही म्हटलं असं?"

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

मोरिता-साननी दोन दिवसांनी पाठवलेली ती ओळ. मला शब्दन् शब्द आठवत होती, वाचली तेव्हा आपण लक्ष दिलं नाही असं वाटलं होतं तरी. "ओकुबो-सान म्हणाले, हरकत नाही. फार वर्षं झाली. तो कामात असेल."

"कामात?" हमीदभाई म्हणाले.

त्यांनी मफलर काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली.

"रजा मंजूर झालेली होती, बाय. माझ्या जागी शेठनं दुसरा माणूस पण बसवलेला. मग दुकानात जाऊन काय करू? नऊचे नऊ दिवस मी घरात होतो. ती मॅच मी इथं बसून बघितली, ह्या सोफ्यावर." सोफ्याच्या हातावर त्यांनी हळूच दोनदा हात आपटला. "त्याला सांगा ना कुणीतरी. मी कामात नव्हतो. मी घरी रिकामा बसलो होतो."